कारवाई योग्य होती. आता हिशोब द्या

ऑपरेशन सिंदूर योग्य होतं, असं माझं मत आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचे प्रश्न वाचताना 'हा कुठल्या बाजूचा' याचाच शोध सुरू होतो आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय ठाणे जिल्ह्यात राहून या विषयात अलिप्त राहण्याची सोय नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्राचे सहा होते. सहांपैकी तिघे डोंबिवलीचे, एक पनवेलचे. भागशाळा मैदानात पार्थिवं आणली तेव्हा जी गर्दी लोटली, तिला कोणी संयमाचं व्याख्यान द्यायला गेलं नाही आणि जाऊही नये.

पण कारवाई योग्य होती का आणि तिच्यातून साधलं काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपल्याकडे पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसऱ्याचंही 'हो' धरून चालतात. आणि दुसऱ्यात कोणी खोट काढली, तर तो पहिल्यालाच विरोध करतोय असं समजून त्याच्या अंगावर जातात. या गोंधळाचा फायदा फक्त सत्तेवर बसलेल्यांना होतो, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

आधी पहिला प्रश्न. शेजारी देशाच्या हद्दीत क्षेपणास्त्रं टाकायला कारण काय लागतं? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ५१ वं कलम सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क देतं. हल्ला एखाद्या संघटनेनं केला आणि ती ज्या देशात बसते तो देश तिला आवरत नसेल, तर त्या देशात घुसून मारता येतं का, यावर कायदेपंडितांचं एकमत नाही. मला विचाराल तर बहावलपूर (जैश-ए-मोहम्मदचा तळ) आणि मुरीदके (लष्कर-ए-तोयबाचा तळ) यांच्याबाबत हा वाद फारसा टिकत नाही. मसूद अझहरला आपण डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला सोडलं, पुढच्याच वर्षी त्यानं जैश काढली, आणि संयुक्त राष्ट्रांनी मे २०१९ मध्ये त्याला दहशतवाद्यांच्या यादीत टाकल्यावरही बहावलपूरचा मरकझ जागचा हलला नाही. मुरीदकेत मारल्या गेलेल्यांच्या दफनविधीला पाकिस्तानी लष्करातले लोक गणवेशात हजर होते. ते फोटो जगानं पाहिले. पहलगामचा निषेध करणारं सुरक्षा परिषदेचं निवेदन २५ एप्रिलला निघालं, त्यातून 'टीआरएफ'चं (लष्कर-ए-तोयबाची पुढे केलेली संघटना, जिनं आधी हल्ल्याची जबाबदारी घेतली होती) नाव पाकिस्ताननंच काढायला लावलं, असं पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्याच संसदेत सांगितलं. असा शेजारी तपासात मदत करील म्हणून किती वर्षं वाट पाहायची?

वाट पाहून झाली आहे. २६/११ ला मुंबईत १६६ माणसं मेली. आपण लष्करी उत्तर दिलं नाही. कागदपत्रं दिली, कसाबवर रीतसर खटला चालवला, २०१२ मध्ये येरवड्यात फाशी दिली. त्याच कटातला आरोपी तहव्वूर राणा भारताच्या हाती लागला तो १० एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पहलगामच्या बारा दिवस आधी. कायद्याचा रस्ता सोळा वर्षांनी एका माणसापर्यंत पोचला. तो रस्ता सोडावा असं माझं मुळीच म्हणणं नाही, पण तेवढ्यानं भागतं असं म्हणणाऱ्यानं ही तारीख लक्षात ठेवावी.

या बाजूतही एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ७ मेच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा बैसरनमध्ये गोळ्या झाडणारे नेमके कोण, हे सरकारनं पुराव्यानिशी मांडलेलं नव्हतं. ते तिघे मारले गेले २८ जुलैला, श्रीनगरजवळ दाचीगामच्या जंगलात. दुसऱ्या दिवशी लोकसभेत गृहमंत्र्यांनी सांगितलं की त्यांच्याकडच्या रायफली रातोरात चंदीगडच्या प्रयोगशाळेत नेल्या, तिथे चाचणीसाठी झाडल्या, आणि त्या पुंगळ्या बैसरनमध्ये सापडलेल्या पुंगळ्यांशी जुळल्या. काम चोख झालं. पण शिक्षा मे महिन्यात आणि पुरावा जुलैअखेर, हा क्रम उलटा आहे. माझ्या मते तरीही कारवाईचं समर्थन उभं राहतं, कारण ते त्या तिघांवर अवलंबून नव्हतंच. पंचवीस वर्षं उघड्यावर चाललेल्या तळांवर होतं. सरकारनं ते तसंच, तेवढंच सांगायला हवं होतं. 'पहलगामचा बदला' हे बॅनरवर ठीक, पण बाहेर ते टिकत नाही. बाहेर लोक विचारतात, कशावरून?

आता दुसरा प्रश्न. खरी अडचण इथे आहे.

मागच्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळानं ऑपरेशन सिंदूरचा चलत देखावा केला होता. पुठ्ठ्याचे डोंगर, त्यांवर हिरवा भुसा, डोंगरापलीकडे नऊ लहान घरं आणि प्रत्येकात एक लाल बल्ब. वरून तारेवर विमान यायचं, आवाज व्हायचा, बल्ब एकेक करून पेटायचे. मी उभा होतो तेव्हा विमान मध्येच अडकलं आणि एका कार्यकर्त्यानं मागून हात घालून ते काठीनं ढकललं. लोकांनी त्याही टाळ्या वाजवल्या. मग निवेदन संपायचं, पडदा पडायचा, पुढची रांग आत. देखावा छान होता आणि पोरांनी रात्री जागून केला होता, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्यात फक्त ७ मे होती. ८, ९ आणि १० तारीख नव्हती. आणि आपल्या बहुतेकांच्या डोक्यातही ही कारवाई तेवढीच आहे, नऊ बल्ब पेटले इथवर.

त्या पहिल्या रात्रीचा सरकारनं ठरवलेला नेम अगदी स्पष्ट होता. नऊ ठिकाणं, चार पाकिस्तानात आणि पाच पाकव्याप्त काश्मीरमध्ये. पाकिस्तानी लष्कराच्या एकाही ठाण्याला हात लावायचा नाही. भडका वाढवायचा नाही. नैतिकदृष्ट्या यात दोष काढता येत नाही. लष्करीदृष्ट्या मात्र याचा अर्थ असा की समोरच्याची विमानं आणि रडार जागी असताना आपण गेलो. आपली विमानं पडली, हे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरला, परदेशी माध्यमांना सांगितलं. किती, ते सांगितलं नाही. डावपेचात चूक झाली, ती सुधारली आणि दोन दिवसांनी पुन्हा उड्डाणं केली, असं ते म्हणाले. या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो; पण ती दिल्लीत, संसदेत आधी यायला हवी होती. शत्रूची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं हवाईदल प्रमुखांनी ऑगस्टमध्ये बंगळूरला जाहीर केलं, तेव्हा आकडा सांगायला काही अडचण आली नाही. त्यांचं नुकसान आकड्यात आणि आपलं मोघम शब्दांत, असा हिशोब सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा कोणी मंजूर करत नाही.

१० मेच्या पहाटे नूर खान, भोलारी, सरगोधा अशा तळांवर जे वार झाले, त्यांनी पारडं फिरलं असं मला वाटतं. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन आपल्याकडे आला, ही आपली अधिकृत माहिती आहे. संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबला. मात्र आपल्या परराष्ट्र सचिवांनी ते देशाला सांगण्याआधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगाला सांगून टाकलं होतं. मध्यस्थी झालीच नाही, हे आपलं म्हणणं मी खरं धरतो. पण जिंकलेल्या डावाची घोषणा तिसऱ्यानं केली आणि पुढचे कित्येक महिने तोच ती करत राहिला, हेही निष्पत्तीतच मोजावं लागतं.

आता पूंछ. ७ मेला उजाडल्यावर पाकिस्तानी तोफांनी सगळ्यात जास्त मारा या गावावर केला. डझनभराहून अधिक नागरिक गेले, त्यांत बारा वर्षांची जुळी भावंडं होती. गुरुद्वाऱ्यावरही गोळे पडले. भारत ज्या रात्री पलीकडे क्षेपणास्त्रं टाकणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताबारेषेवर तोफा सुरू होणार, हे ओळखायला लष्करशास्त्र शिकावं लागत नाही. तरी गाव आधी रिकामं केलं नव्हतं. खेड्यांत बंकर होते, पूंछ शहरात ते पुरेसे नव्हते. त्याच ७ मेला दुपारी इकडे ठाणे, उरण, तारापूर अशा ठिकाणी नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. भोंगे वाजले, स्वयंसेवकांनी स्ट्रेचर उचलली. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, इकडे न्हावा शेवा बंदर, उरणला तेलाची ठाणी, तेव्हा सराव हवाच. पण ज्या दिवशी आपण भोंग्याची चाचणी घेत होतो, त्याच दिवशी पूंछमध्ये भोंग्याशिवाय माणसं मरत होती. देखाव्यात ही माणसं नव्हती. निवडणुकीच्या भाषणांतही मी ती ऐकलेली नाहीत.

पलीकडेही फक्त दहशतवादी मेले असं नाही. बहावलपूरमध्ये स्वतःच्या घरातले दहा जण गेले आणि त्यांत मुलं होती, असं खुद्द मसूद अझहरच्या नावानं आलेल्या निवेदनात होतं. तळ आणि घर एकाच आवारात ठेवणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे मान्य. तरी न्याय्य कारवाईतही लहान मुलं मरतात हे मान्य केल्यानं कारवाई अन्याय्य ठरत नाही. उलट ते नाकारलं तर आपल्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो. त्या आठवड्यात आपल्या वाहिन्यांनी तेच केलं. ८ मेच्या रात्री वाहिन्यांच्या पडद्यावर कराची बंदर जळत होतं, इस्लामाबाद पडत होतं, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली होती. आमच्या सोसायटीच्या गटावर पहाटेपर्यंत अभिनंदनं चालू होती. सकाळी कराची जागेवर होती आणि कोणत्याही वाहिनीला दंड झाल्याचं मी ऐकलं नाही.

राजकीय फळ बघितलं तर चित्र आणखी विसकटतं. ९ मेला, लढाई ऐन भरात असताना, नाणेनिधीनं पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. आपण मतदानाला अनुपस्थित राहिलो. २० मेला पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर फिल्ड मार्शल झाले आणि १८ जूनला व्हाइट हाऊसमध्ये जेवले. सप्टेंबरात सौदी अरेबियानं पाकिस्तानशी संरक्षण करार केला. दुसऱ्या पारड्यात काय? जुलैमध्ये अमेरिकेनं टीआरएफला दहशतवादी संघटना ठरवलं, आणि सिंधू पाणीवाटप करार आपण स्थगित ठेवला आहे, ज्याचा परिणाम कळायला वर्षं लागतील. जगाला बाजू सांगायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली. एकाचे प्रमुख आमच्या शेजारच्या कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे. ते अमिराती, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला जाऊन आले. कल्पना चांगली होती. पण तीन महिन्यांत मुनीर यांची पत वाढली की घटली, हा प्रश्न विचारला तर उत्तर गैरसोयीचं येतं.

इथे वाशीचं एक उदाहरण देतो, कारण मसाला मार्केटमध्ये ज्याची ऊठबस आहे त्याला हे लगेच कळेल. २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं, आणि २ मे २०२५ ला आयात पूर्णच बंद केली. बाळंतिणीच्या लाडवातली, पूजेच्या ताटातली खारीक वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात तिकडून येत असे. बंदीनंतर पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयानं न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले: १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. खारीक पाकिस्तानची, दुबईला जहाज बदललेलं, आणि कागदोपत्री मूळ देश अमिराती. बंदीचा निर्णय बरोबरच होता. पण तो लागू होतोय का, हे पाहायला कोणीतरी बंदरावर कंटेनर उघडून बघितले, आकडा जाहीर केला, अटक केली. ९ कोटींच्या खारकेचा हिशोब लोकांसमोर आला. चार दिवसांच्या लढाईचा आला नाही.

सगळ्यात मोठा दावा आहे धाक बसल्याचा. उरीनंतर २०१६ मध्ये आपण ताबारेषा ओलांडली. पुलवामानंतर २०१९ मध्ये बालाकोटपर्यंत गेलो. पहलगामनंतर २०२५ मध्ये सीमेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत बहावलपूरला मारलं. प्रत्येक वेळी 'आता त्यांची हिंमत होणार नाही' असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी काही वर्षांनी पुढचा हल्ला झाला. याचा अर्थ धाक मुळीच बसत नाही असा मी काढत नाही; मधली वर्षं शांत गेली त्याचं श्रेय कशाला, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. पण दर खेपेला आपल्याला आधीपेक्षा लांब आणि आधीपेक्षा जोरात मारावं लागतंय. समोर अण्वस्त्रं असलेला देश आहे. यानंतरची पायरी कुठली, हे ठरवून आपण चढतोय की टाळ्यांच्या जोरावर चढतोय?

यापुढचा कोणताही दहशतवादी हल्ला युद्धाची कृती मानला जाईल, असं सरकारच्या गोटातून १० मेला सांगितलं गेलं. ऑपरेशन फक्त स्थगित आहे, असं पंतप्रधान १२ मेच्या भाषणात म्हणाले. १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं मेली, मंत्रिमंडळानं ठराव करून त्याला दहशतवादी कृत्य म्हटलं. तपासात जैशचे धागे पुढे आले. क्षेपणास्त्रं सुटली नाहीत. ती सुटली नाहीत हे शहाणपणाचंच झालं. इथेच वाढलेल्या, इथेच शिकलेल्या डॉक्टरांच्या टोळीला उत्तर म्हणून बहावलपूर पुन्हा फोडण्यात काय हशील? मात्र मग मे महिन्यातली घोषणा का केली? जी रेघ आपणच ओढायची आणि सहा महिन्यांत आपणच न बोलता ओलांडू द्यायची, तिला पलीकडचा शत्रू किती किंमत देईल?

'असे प्रश्न विचारून सैन्याचं खच्चीकरण होतं,' असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यातले काही माजी सैनिक आहेत, म्हणून हे म्हणणं उडवून लावणार नाही. लढाई चालू असताना तोंड बंद ठेवावं, हे मलाही पटतं. पण कारगिलची लढाई २६ जुलै १९९९ ला संपली आणि २९ जुलैला वाजपेयी सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सगळ्या देशात विजयाचा जल्लोष चालू असताना तिनं विचारलं की घुसखोर वर येऊन बसेपर्यंत आपल्याला कळलं कसं नाही. काही भाग गाळून अहवाल संसदेत आला. त्यातून मंत्रिगट नेमला गेला, संरक्षण गुप्तचर संस्था उभी राहिली, सरसेनाध्यक्ष या पदाची शिफारस झाली. जनरल चौहान २०२५ मध्ये ज्या खुर्चीत होते ती खुर्चीच मुळी अशा प्रश्नांतून आली. उलट १९६२ च्या चीन युद्धावरचा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल सहा दशकं कुलपात आहे, आणि त्यानं कोणाचं मनोबल वाढल्याचं मला दिसत नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २६/११ नंतर राम प्रधान समिती नेमावी लागलीच की. तिच्या अहवालावर राजकारण झालं, तरी पोलिसांकडे कोणती शस्त्रं होती आणि कोणती नव्हती, हे कागदावर आलं.

सिंदूरसाठी अशी समिती नेमलेली नाही. बैसरनमध्ये सुरक्षा दलाचा एकही माणूस का नव्हता, याचं उत्तर जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी जुलैमध्ये एका मुलाखतीत, जबाबदारी स्वतःची आहे असं म्हणून दिलं. म्हणाले ते बरं झालं. त्यापुढे मात्र कोणाचंच काही बिघडलं नाही. पलीकडच्याला शिक्षा देऊन अलीकडची ही चूक भरून निघत नाही. पर्यटक तिथे आपल्याच सरकारच्या 'आता काश्मीर सुरक्षित आहे' या शब्दावर गेले होते.

शिष्टमंडळातून परदेशात जाऊन आलेल्या सगळ्या पक्षांच्या खासदारांनी मिळून संसदेत ही मागणी करायला हरकत काय आहे? त्यांना माहिती दिलेली आहे, त्यांच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवू शकत नाही, आणि सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे असे परस्परविरोधी पक्षांचे महाराष्ट्रातले दोन खासदार त्यांत नेते म्हणून होते. गुप्त राहायला हवं ते गुप्त ठेवा, पानं गाळा. पण बैसरनचा बंदोबस्त कोणी आणि का ठेवला नाही, पहिल्या रात्री लष्करी ठाणी वगळण्याचा निर्णय कोणी घेतला आणि हवाईदलाचं त्यावर मत काय होतं, पूंछ रिकामं का केलं नाही, आणि 'हल्ला म्हणजे युद्ध' ही १० मेची घोषणा कोणाला विचारून झाली, एवढी चार उत्तरं लेखी द्या. कारगिलच्या समितीला सगळं मिळून पाच महिने लागले होते.